दोनशे वेळा छापलेले खोटे

मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी माझे नाव ऐकले असेल आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. उलट जो आपल्याला ओळखत नाही त्याच्यासमोर मन मोकळे करणे सोपे जाते. मला जे सांगायचे आहे ते मान वर करून सांगण्यासारखे नाही.

आधी मी काय करतो ते सांगतो. मेण लावलेला एक पातळ कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. त्यावर टाइपरायटरने अक्षरे ठोकायची. जिथे अक्षर उमटते तिथले मेण निघून जाते. मग तो कागद माझ्या ढोलावर ताणून बसवायचा, ढोलात शाई भरायची आणि हँडल फिरवायचे. एक फेरा की एक पान. ज्यांची मोठ्या छापखान्यात ओळख नाही आणि तिथे जायची छातीही नाही, अशा माणसांचा मी छापखाना होतो.

माझा जन्म एका लांबलचक कार्यशाळेत झाला. शेवटच्या टेबलावर जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक तपासनीस बसायचा. त्याने माझ्यातून पहिले पान काढले, उजेडासमोर धरले आणि म्हणाला, "चालेल." मला वाटले होते, तो निदान "वा!" तरी म्हणेल. पण त्याने लगेच पुढचे यंत्र ओढले. कौतुकाची हाव मला तेव्हापासूनच होती असे म्हणा ना. तिनेच पुढे माझा घात केला.

लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून मला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात पाठवले. कचेरीत खिडकीजवळ मला जागा मिळाली. माझा सगळा कारभार तिथल्या टायपिस्ट बाईंकडे होता. त्यांना सगळे ताई म्हणत. ताई फार बोलत नसत, पण कागद घालण्यापूर्वी तो हाताने असा झटकत की एकाला एक चिकटलेली पाने आपोआप सुटत. सुट्ट्यांच्या याद्या, पाळ्यांचे तक्ते, "येथे थुंकू नये" अशा सूचना, हेच मी पहिली दोन वर्षे छापले. थुंकणारे थुंकतच राहिले.

मग ताईंच्या मनात एक कल्पना आली. कारखान्यातल्या माणसांनी स्वतःच्या आयुष्यातली घडलेली गोष्ट लिहायची आणि महिन्याला चार पाने छापून सगळ्यांना वाटायची. साहेब आधी हसले. "ही माणसं काय लिहिणार? पुठ्ठा आणि डिंक?"

"पुठ्ठा आणि डिंकच लिहू देत की," ताई म्हणाल्या. "पण खरं लिहू देत."

त्या पानांचे नाव ठेवले 'आपलं पान'. वरच्या कोपऱ्यात दरवेळी एक ओळ असायची: घडलेलं लिहा, रचलेलं नको. पहिल्या अंकात पहारेकऱ्याने लिहिले की, आपल्याला कुत्र्यांची भीती वाटते आणि रात्रपाळीला आपण शिट्टी वाजवतो ती चोरांसाठी नव्हे, कुत्र्यांसाठी. डिंक शिजवणाऱ्या एका थोराड गड्याने लिहिले की, आपण चौथीत तीनदा बसलो आणि तिसऱ्यांदा आपला धाकटा भाऊच आपल्या शेजारी येऊन बसला. सगळा कारखाना हसला. तो गडीही हसला. मग जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच कचेरीत आला आणि ताईंना म्हणाला, "ताई, इतकी वर्षं हे कुणाला कळू नये म्हणून जपत होतो. आता कळलं, तर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालंय. अजून एक प्रत मिळेल का? भावाला पाठवायचीये."

त्याच्या हातातले ते पान पाहून मला जे वाटले ते मी आजही विसरलेलो नाही. तीस प्रतींवरून आम्ही दोनशेवर गेलो. लोक मला "आपलं मशीन" म्हणू लागले. जाता-येता कुणीतरी माझ्या अंगावरून हात फिरवायचे. मी अगदी फुगून गेलो होतो.

कचेरी झाडायला एक मावशी येत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण बोलण्याची सवय दांडगी. माणूस नसले तर त्या खुर्चीशी, टेबलाशी, माझ्याशी बोलत. "काय रे बाबा, आज तोंड काळं का?" असे म्हणत माझी सांडलेली शाई पुसत. त्यांची मुलगी कामानिमित्त दूर राहायची आणि दोन वर्षांची नात मावशींजवळ होती. तिचे रोजचे पराक्रम मला सगळ्यांच्या आधी कळायचे.

आणि कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या कमरेला सतरा किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून सगळे त्यांना किल्लीदादा म्हणत. वाईट माणूस नव्हता तो. चालताना जुडगा वाजायचाच, तरी कुणी दचकू नये म्हणून पाठीमागून येताना आधी खोकायचेसुद्धा. मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांना राक्षस समजाल.

एका दुपारी कारखान्यात आग लागली. कातरणांचा ढीग पेटला आणि बघता बघता धूर सगळीकडे भरला. कचेरी रिकामी झाली. मी जागच्या जागी राहिलो. मला फक्त आरडाओरडा ऐकू आला आणि जळलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. तासाभराने माणसे परतली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती. खोक्यांना लेबले लावणारी मुलगी मागच्या कोठारात अडकली होती आणि किल्लीदादा तिला दोन्ही हातांवर उचलून धुरातून बाहेर घेऊन आले. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मुलगी बेशुद्ध होती, पण वाचली. मावशींच्या हाताला काच लागली आणि त्यांना दवाखान्यात नेले, हेही कुणीतरी जाता जाता सांगितले.

तीन आठवड्यांनी मावशी कामावर आल्या. उजव्या हाताला मोठे बँडेज होते. डाव्या हाताने त्या मला पुसू लागल्या आणि नेहमीसारख्या बोलू लागल्या.

"तुला सांगते बाबा, दार बाहेरून बंद. कुलूपच होतं. आतून ती पोर ठोकतेय. मी मागच्या बोळात गेले, बादलीनं खिडकीची काच फोडली आणि हात घालून तिला ओढली. काच अशी घुसली हातात, पण सोडली नाही. बाहेर काढून बोळात निजवली, तेवढ्यात किल्लीदादा धावत आले. म्हटलं, उचला हो, माझ्या हातात जोर नाही राहिला. त्यांनी उचलली. मी तिथंच बसले भिंतीला टेकून."

"डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता सरळ होणार नाहीत," एवढे म्हणून त्या पुढचे टेबल पुसायला गेल्या. लोकांना हे माहीत नसेल असे त्यांच्या मनातही नव्हते.

दुसऱ्याच दिवशी किल्लीदादा दोन लिहिलेले कागद घेऊन ताईंकडे आले. लोकांनी फार आग्रह केला म्हणे. ताई टाइप करता करता एके ठिकाणी थांबल्या.

"दादा, दार अडकलं होतं असं लिहिलंय. आणि काच तुम्ही फोडली?"

"हो."

"सगळं घडलं तसंच ना?"

किल्लीदादांनी जुडगा मुठीत घट्ट धरला, त्यामुळे तो वाजला नाही. "तसंच," ते म्हणाले.

मित्रांनो, आता माझी लाज ऐका. मी यंत्र आहे, मला बोलता येत नाही, हे खरे. पण मला अडता येत होते. दमट हवेत मी कागद चुरगाळायचो. शाई जास्त झाली की डाग पाडायचो. एकदा तर नाराज होऊन मी एका सूचनेच्या चाळीस प्रती वाया घालवल्या होत्या. मावशी आणि किल्लीदादा सोडले तर सगळ्या कचेरीत त्या दिवशी मला एकट्याला खरे काय ते ठाऊक होते. आणि त्या दिवशी मी लोण्यासारखा चाललो. एक डाग नाही, एक सुरकुती नाही. पहिल्या पानावर इतकी मोठी गोष्ट, सगळा कारखाना प्रतीची वाट पाहतोय, या विचाराने मी हुरळलो होतो. किल्लीदादा एकदाच खोटे बोलले. मी दोनशे वेळा बोललो.

प्रती वाटून झाल्यावर मावशी आत आल्या. "ताई, आगीचं छापलंय म्हणे. मलाही एक द्या."

"घ्या ना मावशी. घरी कुणी वाचून दाखवेल?"

"नात शिकेल की! ती वाचेल." त्यांनी पानाची घडी घातली, पदराला हात पुसून ती कमरेला खोचली. ताई साहेबांकडे गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "छापलंस ना रे नीट माझं? उगाच मोठ्या अक्षरांत नको होतं हं."

त्या क्षणी माझा ढोल गळून पडला असता तर बरे झाले असते.

पुढचे झरझर सांगतो, कारण ते सांगताना जीभ असती तर अडखळली असती. किल्लीदादांना सन्मानाची ढाल मिळाली, बढती मिळाली. मावशींच्या बोटांना फरशी पुसायचे फडके पिळता येईना. दोन महिन्यांनी मुकादम म्हणाला, काम मागे पडते. ताईंनी त्यांच्यासाठी साहेबांना एक अर्ज टाइप करून दिला. साहेबांनी तो वाचलाही असेल. मावशींना घरी बसवले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला अगदी मागच्या बाजूनेसुद्धा पुसले, जिथे कुणी कधी पाहत नसे.

'आपलं पान'ही फार टिकले नाही. एकाची ढाल पाहून सगळ्यांनाच शौर्य सुचू लागले. पहारेकऱ्याने लिहिले की त्याने चार दरोडेखोर पळवले. डिंकवाल्याने पुरात उडी मारली. आमच्या गावात पूर येण्याइतकी नदीच नव्हती! ताईंचे मन त्यातून उडाले. नंतर कचेरीत बटण दाबले की नक्कल काढणारे नवे यंत्र आले आणि मला जिन्याखाली झाडूंच्या शेजारी सरकवले. तिथे मी सतरा-अठरा वर्षे होतो. शाई सुकून दगड झाली. अंधार होता, पण खरे सांगतो, मला तो अंधार बरा वाटायचा. तिथे मला कुणी "आपलं मशीन" म्हणत नव्हते.

कारखान्याची जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा ताईंनी मला भंगारातून मागून घेतले. त्या निवृत्त झाल्या होत्या. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी दर रविवारी सकाळी एक वर्ग सुरू केला होता. तिथे माणसे आपापल्या खऱ्या गोष्टी लिहायची. ताईंनी रॉकेलने माझा एकेक भाग धुतला, कुठल्याशा जुन्या दुकानातून शाईच्या नळ्या शोधून आणल्या आणि मी पुन्हा फिरू लागलो. एका निवृत्त नर्सबाईंनी लिहिले की, नोकरीच्या पहिल्या दिवशी रक्त पाहून त्याच चक्कर येऊन पडल्या आणि रुग्णाने त्यांना पाणी दिले. माणसे पुन्हा पाने छातीशी धरून घरी जाऊ लागली. पण मला आनंद होईना. प्रत्येक गोष्ट छापताना वाटायचे, ही तरी खरी असेल ना?

एका रविवारी दारात कुणीतरी खोकले. तो खोकला मी ओळखला. कमरेला किल्ल्या नव्हत्या, केस पांढरे झाले होते, पण ते किल्लीदादाच होते. तीन रविवार ते मागच्या खुर्चीवर बसून राहिले, काही लिहिले नाही. चौथ्या रविवारी सगळे गेल्यावर ते ताईंसमोर उभे राहिले.

"ताई, ती आगीची गोष्ट पुन्हा छापता येईल का?"

"ती कशाला? सगळ्यांना पाठ आहे ती."

"म्हणूनच." त्यांनी खिशातून कागद काढला. "आमच्या हिनं तो अंक चौकटीत लावून बैठकीत टांगला होता. बावीस वर्षं रोज पुसायची. मागच्या हिवाळ्यात ती गेली. आता ती चौकट मला पुसावी लागते. तिलासुद्धा कधी सांगितलं नाही मी."

ताई कागद वाचू लागल्या. पहिलीच ओळ होती: 'आत कोण आहे हे न पाहता मी दाराला कुलूप लावले आणि आग लागल्यावर किल्ली खिशात घेऊन पळालो.' वाचता वाचता ताईंचा चेहरा उतरत गेला, मग लाल झाला.

"दादा, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"मावशींना काढलं तेव्हा तुम्ही त्याच इमारतीत होतात. आणि मी मूर्ख! मी त्यांच्या अर्जात लिहिलं की कृपया दया दाखवावी. दया!" त्या उठून खिडकीशी गेल्या. "छापणार नाही मी हे."

"ताई..."

"आधी त्यांना वाचून दाखवा. त्यांच्या तोंडावर. मग छापीन."

किल्लीदादा खुर्चीत बसले ते बसलेच. लोकांसमोर कबूल करायची तयारी त्यांनी केली होती. त्या एका माणसासमोर जायची केली नव्हती.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या. खूप वाळल्या होत्या. नात त्यांचा दंड धरून होती. ती आता शिवणकामाच्या शाळेत शिकवत होती. मावशी आत आल्या आणि आधी माझ्याकडे वळल्या. "अरे, तू अजून आहेस?" असे म्हणून त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मला तो हात सहन होईना.

किल्लीदादांनी उभे राहून वाचले. मावशी जमिनीकडे पाहत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मावशी, तुम्हाला हे माहीतच नसेल की मी..."

"माहीत होतं," मावशी म्हणाल्या. "नात दुसरीत गेली तेव्हा तो कागद काढला. म्हटलं, वाच. तिनं वाचलं, त्यात मी नव्हतेच. पुन्हा वाचायला लावलं. मग म्हटलं, तुला नीट वाचता येत नाही, शाळेत करतेस काय? फार रागावले पोरीला."

"मला वाटलं होतं मीच चुकतेय," नात म्हणाली. "बोट ठेवून ठेवून वाचलं होतं मी. रात्रभर रडले होते."

किल्लीदादांनी हात जोडले, पण मावशींनी मान हलवली.

"माफ करायला मी आलेली नाही, दादा. ते माझ्याच्यानं आज व्हायचं नाही. पुढचं पुढे. पण छापा. फक्त त्यात एक चुकलंय."

"काय चुकलं?"

"तुम्ही लिहिलंय की मावशी जिवाची पर्वा न करता धावल्या. तसं नव्हतं. मी पण पळालेच होते आधी. फाटकापर्यंत गेले होते. नात डोळ्यांसमोर होती माझ्या. मग ठोकल्याचा आवाज आला. तरी दोन पावलं पुढेच गेले. मग फिरले मागे. हे कुणाला सांगितलं नव्हतं. इथं खरं लिहितात ना? मग हेही लिहा."

"तुम्हीच सांगा, आजी," नात म्हणाली आणि वही उघडून बसली. "मी लिहिते."

त्या दिवशी जेवायची वेळ टळून गेली तरी मावशी सांगत होत्या. ताईंनी दोन्ही गोष्टी समोरासमोरच्या पानांवर घेतल्या. हँडल फिरवायला घेतले तेव्हा माझ्या मनात धास्ती होती, मी अडलो तर? पहिल्या पानावर डाग पडलाच. ताईंनी ते बाजूला ठेवले, शाई जरा कमी केली आणि मग दोनशे प्रती निघाल्या. पहिली स्वच्छ प्रत मावशींनी नातीच्या हातात दिली. "आता वाच." नातीने वाचली. मावशी ऐकताना ओठ हलवत होत्या, जणू प्रत्येक शब्द मोजून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हं. हे माझं आहे." एवढेच. पण त्यांचा चेहरा असा मोकळा झाला होता, की इतक्या वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

किल्लीदादांनी स्वतः हिंडून जुन्या कामगारांच्या घरी प्रती दिल्या. दोघांनी दार लावून घेतले. त्यांचा मुलगा चार महिने त्यांच्याशी बोलला नाही. लेबले लावणारी ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. तिने प्रत दारातच उभी राहून वाचली, पायांत चप्पल सरकवली आणि मावशींचे घर विचारत निघाली. किल्लीदादांना मी नंतर विचारू शकलो असतो तर विचारले असते, बरे वाटते का? पण एक गोष्ट मी पाहिली आहे. ते आता वर्गात पुढच्या खुर्चीवर बसतात.

मित्रांनो, माझी लाज मात्र पुरती गेलेली नाही. पहिल्या दोनशे प्रती ज्या घरांत गेल्या, त्या सगळ्या घरांत दुसऱ्या पोचल्या नाहीत. काही लोक गाव सोडून गेले, काही जगच सोडून गेले. त्यांच्यापुरते खोटेच खरे राहिले, आणि त्यांतले हयात असलेले छपाई कशी सुबक होती तेही आठवणीने सांगत असतील. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, हात नसले तरी. माझ्यासारखे जुने यंत्र कुठे जिन्याखाली दिसले तर त्याला पुसा, तेल द्या, त्याच्याकडून काम करून घ्या. आपली गोष्ट लिहा, लाज वाटते ती तर जरूर लिहा. पण छापण्यापूर्वी ती त्या माणसाला वाचून दाखवा, ज्याचे नाव तुम्ही गाळले आहे.

मावशी आता दर रविवारी येतात. आज त्यांची सहावी गोष्ट चालली आहे, लग्नानंतर सासूशी झालेल्या पहिल्या भांडणाची. ताई टाइप करतायत, नात हसतेय.

"थांबा ताई," मावशी एकदम म्हणाल्या. "तिथं मी गप्प बसले असं सांगितलं ना? खोडा ते. मीही बोलले होते. चांगलं खणखणीत बोलले होते."

ताईंनी स्टेन्सिलवरची चूक बुजवायच्या लाल औषधाची बाटली उघडली आणि ती ओळ बुजवली. ते सुकायला वेळ लागतो. आम्ही सगळे थांबलो आहोत.